तारका आणि तिचे शेजारी

मराठी लेखनांत विरामचिन्हांचा प्रवेश होऊन आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालीं प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीं आमचीं पत्रें व बखरी मोडी लिपींत अखंड ओळींनीं वाहत असत. शब्दांमध्यें मोकळी जागा नाहीं, वाक्याच्या शेवटीं खूण नाहीं. कोठें श्वास घ्यावयाचा तें वाचणारानेंच अर्थावरून ठरवावें. बालबोध पोथ्यांत एक दंड व दोन दंड एवढ्यावर बहुतेक सारा कारभार चाले. परक्या भाषेंतून आलेलीं हीं चिन्हें आम्हीं घरांत घेतलीं, त्यांचीं नांवें मराठी केलीं, आणि आज शाळेंतल्या मुलासही पूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह परकें वाटत नाहीं. परंतु ह्या पाहुण्यांच्या मेळ्यांत एका पाहुणीची व्यवस्था लावावयाची राहून गेली. ती पाहुणी म्हणजे तारका, छापखान्यांतली ती लहानशी चांदणी. शालेय व्याकरणांतील विरामचिन्हांच्या तक्त्यांत तिला बहुधा जागाच नसते.

तक्त्यांत नाहीं म्हणून ती वापरांत नाहीं असें मात्र नव्हे. कल्याणच्या पुढें कर्जतकडे जाणाऱ्या लोकलगाडीनें विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीं स्थानकें ओलांडणारा मनुष्य नव्या घरांच्या जाहिरातींचे फलक पाहत जातो. अशा फलकांवर किंमतीच्या आंकड्याच्या खांद्यावर ही चांदणी वारंवार दिसते, आणि तळाशीं, धांवत्या गाडींतून वाचतां येणार नाहीं इतक्या बारीक अक्षरांत, ‘अटी लागू’ असें लिहिलेलें असतें. विद्वानांच्या ग्रंथांत, शिलालेखांच्या वाचनांत, विधिमंडळाच्या कामकाजांत आणि भ्रमणध्वनीच्या संदेशांतही हीच चांदणी राबते. एवढ्या ठिकाणीं राबणाऱ्या ह्या खुणेनें पूर्णविरामाच्या अलीकडे उभें राहावें कीं पलीकडे, कंसाच्या आंत बसावें कीं बाहेर, ह्याचा विचार मात्र आमच्याकडे क्वचितच होतो. हा प्रश्न जुळाऱ्यांचा व मुद्रितें तपासणारांचा आहे, साहित्याचा नव्हे, असें कित्येकांस वाटेल. आमचें मत तसें नाहीं. कोणतें वाक्य कोणाच्या जबाबदारीवर उभें आहे, हें पुष्कळदां ह्या चांदणीच्या जागेवरून ठरतें. आणि शब्दाच्या जबाबदारीचा प्रश्न हा साहित्याचाच प्रश्न होय.

इतर विरामचिन्हें आणि तारका ह्यांत एक मूलभूत फरक आहे. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह हीं सारीं वाक्याच्या आवाजाचीं चिन्हें होत. वाचणारानें कोठें थांबावें, कोठें स्वर चढवावा, हें तीं सांगतात. तारकेला आवाज नाहीं. मोठ्यानें वाचतांना ती कोणी उच्चारीत नाहीं. ती वाचकाच्या डोळ्यास एवढेंच सांगते कीं, ‘येथें लिहिलें आहे तेवढ्यानें गोष्ट पुरी होत नाहीं, आणखी कांहीं सांगावयाचें आहे.’ म्हणून तिला आम्ही कबुलीची खूण म्हणतों. कबुली कशाविषयीं आहे आणि ती कोण देत आहे, ह्या दोन गोष्टी स्पष्ट असल्या तरच तिला किंमत असते. तारकेच्या जागेविषयींचे जे नियम पुढें सांगावयाचे आहेत, ते सर्व ह्या दोन गोष्टींतून निघतात.

ह्या खुणेचा जन्मच मुळीं अशा कबुलीसाठीं झाला. ग्रीक भाषेंत ‘ॲस्टरिस्कोस’ म्हणजे लहान चांदणी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या ॲरिस्टार्कस या पंडितानें होमरच्या काव्याची चिकित्सा करितांना, जी ओळ अन्यत्रही आढळते पण येथें योग्यच आहे, तिच्याजवळ चांदणी घातली. जी ओळ प्रक्षिप्त वाटली तिच्याजवळ आडवी रेघ ओढिली. जी ओळ दुसरीकडची असून येथें अस्थानीं आली आहे, तिच्याजवळ चांदणी आणि रेघ ह्या दोन्ही एकत्र घातल्या. शेजारी बदलला कीं चांदणीचा अर्थ बदलतो, ही गोष्ट दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं अशी ठरून गेली होती.

पुढें ख्रिस्ती शकाच्या तिसऱ्या शतकांत ओरिजेन या पंडितानें बायबलांतील जुन्या कराराचे हिब्रू व ग्रीक पाठ शेजारीं शेजारीं मांडले. हिब्रूंत आहे पण प्रचलित ग्रीक भाषांतरांत नाहीं, असा मजकूर घालतांना तो आरंभीं चांदणी देई, आणि तो मजकूर संपे तेथें दुसरी एक खूण देई. चांदणीचा अंमल कोठून कोठपर्यंत आहे, हें वाचकास कळावें म्हणून ही तजवीज होती. पण मागाहूनच्या नकलांत ह्या खुणा गळत गेल्या आणि मजकूर तेवढा राहिला. मूळ भाषांतर कोणतें व ओरिजेननें घातलेली भर कोणती, हें निवडण्यांत नंतरच्या विद्वानांच्या पिढ्या खर्चीं पडल्या. नकलकारास आपण एक क्षुल्लक ठिपका गाळला असें वाटलें असेल; वस्तुतः त्यानें दोन ग्रंथ कालवून एक केले.

ह्याच जातीचें उदाहरण महाराष्ट्रांत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें केलें. १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे तिचे प्रमुख संपादक होते. कांहीं हस्तलिखितांत आढळतो पण संहितेंत घेतां येत नाहीं, असा लहान मजकूर ह्या आवृत्तींत पानाच्या तळाशीं दिला आहे आणि त्याच्या क्रमांकास तारका जोडिली आहे. द्यूतसभेंत द्रौपदी कृष्णाचा धांवा करते, हा कीर्तनांतून व नाटकांतून मराठी मनावर कोरला गेलेला प्रसंग. तो धांवा ह्या आवृत्तींत संहितेंतून निघून तारकेखालीं तळाशीं गेला आहे. श्रद्धाळू वाचकास तें रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु संपादकांनीं तो मजकूर फेंकून दिला नाहीं, आणि जुना म्हणून मूळांत दडपूनही ठेविला नाहीं. ‘हा मजकूर आहे, पण तो मूळचा म्हणून आम्ही हमी देऊं शकत नाहीं’, एवढें ती तारका सांगते आणि निवाड्याचें साधन वाचकाच्या हातीं ठेविते. संशोधनांतील सभ्यपणा म्हणतात तो हाच.

आतां पुन्हां अंबरनाथास येऊं. तेथें वालधुनीच्या कांठीं शिलाहारांच्या काळचें शिवमंदिर उभें आहे. त्याच्या उत्तरेकडील दरवाज्यावर कोरलेल्या संस्कृत लेखांत शकाचा आंकडा आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असल्याचें दाखविलें, आणि विद्वानांनीं तेंच वाचन स्वीकारलें. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखालीं तयार झालेले. गुरूचें वाचन शिष्यानें शुद्ध केलें. एका आंकड्यानें मंदिराचा लेख इ. स. ८६० मधून १०६० मध्यें आला आणि माम्वाणी राजाच्या कारकीर्दींत बसला. दोनशें वर्षांचा फरक पडला. दगड झिजतो, अक्षर पुसट होतें, आणि डोळ्यास जें दिसतें त्यांत मनाचें अनुमान केव्हां मिसळलें हें भल्या भल्या विद्वानांसही कळत नाहीं.

हा धोका ओळखूनच ‘एपिग्राफिया इंडिका’सारख्या ग्रंथमालांत शिलालेखवाचनाचे कांहीं संकेत रूढ झाले. पुसट, म्हणून संशयित, असें अक्षर चौकोनी कंसांत घालतात. कोरणाराची चूक सुधारून दिलेलें अक्षर वाटोळ्या कंसांत घालतात. दगडावर मुळींच नसलेलें, संपादकानें अर्थावरून पुरविलेलें अक्षर चौकोनी कंसांत तारकेसह छापतात. समजा, एखाद्या शिळेवर ‘देव’ इतकीं अक्षरें शाबूत आहेत. संपादकानें ‘देव[स्य]’ असें छापलें तर त्याचा अर्थ, ‘स्य हें अक्षर अंधुक दिसतें.’ ‘देव[स्य*]’ असें छापलें तर अर्थ, ‘तें दिसत नाहीं, मी घातलें आहे.’ तारका घसरून ‘देव[स्य]*’ अशी कंसाबाहेर पडली, तर तिला तळटिपेची खूण समजून वाचक खालीं टीप शोधूं लागेल. एक केसभर जागा सरकली आणि पुराव्याचा अर्थ पालटला. इतकेंच काय, मूळ लेखांत दंड नसतां संपादकानें वाक्य तोडण्यासाठीं तो घातला, तर तोही ‘[।*]’ असा छापावयाचा असतो. एका उभ्या रेघेचेंही ऋण येथें कबूल करितात. विरामचिन्हाशेजारीं तारका कशी बसवावी ह्याचा याहून चोख नमुना आम्हांस ठाऊक नाहीं.

भाषाशास्त्रज्ञांची तारका ह्याहून निराळी. ती शब्दाच्या शेवटीं येत नाहीं, आरंभीं येते. जें रूप कोठेंही लिहिलेलें सांपडत नाहीं पण भाषांच्या तुलनेवरून पूर्वीं असलें पाहिजे असें ठरतें, त्याच्या आधीं तारका घालण्याची रीत एकोणिसाव्या शतकांत ऑगुस्ट श्लायखर या जर्मन पंडितामुळें रूढ झाली. अलीकडील व्याकरणचिकित्सक हीच तारका अशुद्ध वाक्याच्या आरंभीं घालतात. ‘*आम्ही पुस्तक वाचलों’ असें लिहिलें म्हणजे मराठी मनुष्य असें बोलत नाहीं, इतका अर्थ. वाक्य नुसतें संशयास्पद असेल तर आरंभीं प्रश्नचिन्ह घालतात, आणि संशय बळावला तर ‘?*’ अशी जोडखूण घालतात. तेथें प्रश्नचिन्ह कांहीं विचारीत नाहीं आणि तारका खालीं पाहावयास सांगत नाहीं. दोघें मिळून लेखकाच्या खात्रीचें माप देतात. सामान्य लेखकानें ह्यावरून एवढें ध्यानांत ठेवावें कीं, आरंभींची तारका आणि शेवटची तारका ह्या दोन वेगळ्या खुणा आहेत, आणि एकाच पुस्तकांत दोन्ही येणार असतील तर वाचकास तसें आधींच सांगितलें पाहिजे.

आतां रोजच्या गद्याकडे वळूं. तळटिपेची खूण विरामाच्या कोणत्या बाजूस असावी, ह्याविषयीं युरोपांतच एकमत नाहीं. इंग्रजींत ती सामान्यतः सर्व विरामांच्या नंतर येते, फक्त अपसारणचिन्हाच्या आधीं येते. फ्रेंचांत ती विरामाच्या आधीं येते. जर्मन लोक अर्थ पाहतात: टीप एका शब्दाविषयीं असेल तर खूण त्या शब्दाला लागून, विरामाच्या आधीं, सबंध वाक्याविषयीं असेल तर पूर्णविरामाच्या नंतर. आमचीं विरामचिन्हें इंग्रजींतून आलीं म्हणून ही रीतही इंग्रजीचीच घ्यावी, असें कोणी म्हणेल. आमची शिफारस जर्मन रीतीची आहे, आणि तिचें कारण मराठी वाक्याच्या घडणींत आहे. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतें. टीप ज्या नामाविषयीं द्यावयाची तें नाम वाक्याच्या पोटांत असतें. शेवटीं असतें तें ‘आहे’ किंवा ‘होतें’, आणि ‘आहे’ ह्या शब्दावर टीप कोण देणार? म्हणून मराठींत पूर्णविरामानंतर आलेली तारका सबंध वाक्याविषयींच आहे, असें वाचकास निःशंक समजतां येतें. ‘हें मंदिर माम्वाणीच्या* काळांत पुरें झालें.’ येथें माम्वाणी कोण तें खालीं सांगितलें असेल, अशी अपेक्षा होते. ‘हें मंदिर माम्वाणीच्या काळांत पुरें झालें.*’ येथें सबंध विधानास आधार काय, तें खालीं मिळालें पाहिजे. ही सोय आमच्या भाषेनें आपण होऊन दिली आहे. ती टाकून देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

मराठीची दुसरी अडचण प्रत्ययांची. इंग्रजींत शब्दयोगी अव्यय सुटें असतें, म्हणून खूण नामालाच चिकटवितां येते. आमचा विभक्तिप्रत्यय नामाच्या अंगाला जडलेला असतो. ‘माम्वाणी*च्या’ असें छापलें म्हणजे शिरोरेषा तुटते आणि ‘च्या’ अनाथ होतो. तारका सप्रत्यय शब्द पुरा झाल्यावरच यावी. ग्रंथाचें किंवा पत्राचें नांव अवतरणचिन्हांत असून त्याला प्रत्यय लागला असेल, तरीही हाच नियम: ‘केसरी’च्या* असें लिहावें.

कंसाचा न्याय सोपा आहे. टीप कंसांतील मजकुराविषयीं असेल तर तारका कंसाच्या आंत. कंसासह सबंध वाक्यखंडाविषयीं असेल तर बाहेर. अपसारणचिन्हाच्या आधीं तारका घालावी, कारण ती पलीकडे गेली तर पुढच्या शब्दाची वाटते. प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह हीं वाक्याचीं चिन्हें. सबंध प्रश्नाविषयीं टीप असेल तर तारका त्यांच्या नंतर, प्रश्नांतील एका शब्दाविषयीं असेल तर त्या शब्दाशीं.

अवतरणचिन्हाचा नियम मात्र नुसत्या सोयीचा नव्हे, नीतीचा आहे. दुसऱ्याचे शब्द उतरून घेतांना आपली तारका मिटत्या अवतरणचिन्हाच्या बाहेरच राहिली पाहिजे. ती आंत गेली कीं, मूळ लेखकानेंच तेथें टीप दिली होती असा अर्थ होतो, आणि आपली शंका किंवा आपली पुस्ती त्याच्या नांवावर चढते. अवतरणाच्या मध्येंच एखाद्या शब्दावर टीप देणें अगदीं अवश्य असेल, तर तारका चौकोनी कंसांत घालावी, म्हणजे ती उतरून घेणाराची आहे हें उघड होईल. उलट मूळांतच तारका असेल, तर ती ठेवून तसें सांगावें किंवा गाळून तसें सांगावें. मुकाट्यानें कांहींच करूं नये.

हल्लीं टिपांना आंकडे देण्याची रीत सर्वत्र झाली आहे, मग तारका हवी कशाला, असा प्रश्न निघेल. जेथें मजकुरांत आधींच आंकडे आहेत तेथें ती हवी. ओवीच्या शेवटीं ओवीचा क्रमांक असतो. त्याच्याजवळ टिपेचा बारीक आंकडा घातला तर वाचक गोंधळतो. सनाच्या आंकड्यास किंवा कोष्टकांतील रकमेस टिपेचा आंकडा जोडला तर तो रकमेचाच भाग वाटतो. अशा ठिकाणीं चांदणी आंकड्यापेक्षां स्वच्छ. तिलाही एक मर्यादा आहे: गणकयंत्राच्या भाषेंत दोन आंकड्यांमधली तारका गुणाकार दाखविते, म्हणून लागूनच दुसरा आंकडा येत असेल तेथें ती घालूं नये. एका पानावर दोन-तीन टिपा असल्या तर चांदणीनंतर कट्यारीची खूण व मग दुहेरी कट्यार हा जुना क्रम पुरतो. त्याहून अधिक टिपांना आंकडेच बरे. चांदण्यांची रांग लागली कीं वाचक टीप शोधीत नाहीं, चांदण्या मोजीत बसतो.

उल्हासनगरांत ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याण छावणीच्या जागीं १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. सिंधी भाषा देवनागरींतही लिहितात आणि अरबी वळणाच्या लिपींतही लिहितात. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या त्या लिपींत प्रश्नचिन्ह तोंड फिरवितें, स्वल्पविराम उलटा होतो. तारका मात्र जशीच्या तशी राहते, कारण तिला पाठ-पोट नाहीं. पण तिची जागा बदलते. शब्दाचा शेवट तेथें डावीकडे असतो. मराठी व सिंधी मजकूर एका पत्रकावर छापणारानें मराठींतील तारकेची जागा नुसत्या नजरेनें उतरविली, तर सिंधींत ती शब्दाच्या आरंभीं पडेल. तारकेची बाजू डावी-उजवी नसून ‘वाचून झाल्यावरची’ आहे, हें तत्त्व अशा दुभाषी पत्रकावर स्पष्ट होतें. भ्रमणध्वनीच्या संदेशांत तर ती नुसती आज्ञा होऊन बसली आहे. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही टोकांस तारका चिकटवून ‘*सूचना*’ असें लिहिलें कीं तारका लोपतात आणि शब्द ठळक होतो. तेथें तळटिपेसाठीं तिच्यावर विसंबूं नये. ‘टीप’ हा शब्दच लिहावा.

तारकेची एक मराठी चुलत बहीण आहे, ती फुली. गाळलेल्या मजकुराच्या जागीं किंवा उच्चारूं नये अशा शब्दाच्या जागीं फुल्या घालण्याची आमची रीत इतकी मुरलेली आहे कीं, ‘फुल्याफुल्या’ हा शब्द बोलण्यांतही शिवीऐवजीं येतो. अलीकडे ह्या कामीं फुल्यांऐवजीं चांदण्या दिसूं लागल्या आहेत. आम्हांस हें इष्ट वाटत नाहीं. फुली झांकते; तारका उघड करिते. फुली म्हणते, ‘येथें जें आहे तें मी दाखविणार नाहीं’. तारका म्हणते, ‘येथें जें दिसत नाहीं तें मी दाखवितें.’ परस्परविरुद्ध काम करणाऱ्या दोघींस एकच वेष दिला, तर वाचकानें कोणावर विश्वास ठेवावा?

हा भेद राज्यकारभारांतही उमटला आहे. लोकसभेंत ज्या प्रश्नाच्या क्रमांकास तारका असते तो तारांकित प्रश्न. त्याचें उत्तर मंत्र्यांनीं सभागृहांत तोंडीं द्यावयाचें असतें आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारतां येतात. अतारांकित प्रश्नाचें उत्तर लेखी मिळतें आणि तेथेंच तो संपतो. लोकसभेंत एका दिवसाच्या यादींत तारांकित प्रश्न वीसच असतात. तेथें प्रश्नचिन्हापेक्षां तारकेचें मोल अधिक आहे, कारण तारका म्हणजे ‘आणखी विचारा’ ही मुभा.

ह्या कसोटीवर आतां ते फलक घासून पाहूं. ‘स्टेशनपासून पांच मिनिटांवर आपलें घर, अमुक लाखांत!*’ अशा धर्तीचा मजकूर घ्या. तारका उद्गारचिन्हाच्या पलीकडे आहे. अट कशाला लागू आहे? पांच मिनिटांना, घराला, कीं लाखांना? आमच्या नियमानें ती सबंध वाक्याला लागू होते. म्हणजे वाक्यांतील एकही गोष्ट पक्की नाहीं, अशी कबुली लेखक देत आहे. लेखकास तसें म्हणावयाचें नसतें. किंमतींत मुद्रांक शुल्क, नोंदणी, वाहनतळ हें धरलेलें नाहीं, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. किंबहुना, सांगितल्यासारखें करावयाचें असतें. तारका जर ‘लाखांत*!’ अशी आंकड्याच्या शब्दाशीं बसली असती, तर वाचकाचा डोळा बरोबर त्या शब्दावर अडला असता. ती उद्गाराच्या आड उभी राहिली, म्हणून उत्साह आधीं पोंचतो आणि शंका मागें राहते. येथें तारकेस फुलीचें काम दिलें आहे.

हें केवळ रसिकाचें गाऱ्हाणें नव्हे. ह्या बाजूस घर घेणारा मनुष्य पुष्कळदां रोज मुंबईस जाऊन-येऊन नोकरी करणारा असतो. आयुष्याची शिल्लक आणि पुढल्या पंधरा-वीस वर्षांचा पगार तो त्या एका आंकड्यावर लावतो. कायद्यानें त्याची कांहीं काळजी घेतली आहे. स्थावर संपदेविषयींच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्यानें जाहिरातींत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक देणें बंधनकारक केलें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनीं असें ठरविलें कीं, खालची टीप वरच्या दाव्याला छेद देणारी नसावी, ती दाव्याच्याच भाषेंत व त्याच वळणाच्या अक्षरांत असावी, आणि ठळक जागीं असावी. मराठी दावा आणि इंग्रजी अट हा प्रकार ह्या सूचनांत बसत नाहीं. परंतु कायदा भाषा पाहील आणि अक्षर मोजील; कोणत्या शब्दाला खूण लागावी हें सांगणें व्याकरणाचें काम आहे, आणि तें आम्हीं अजून केलेलें नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शालेय व्याकरणांतील विरामचिन्हांच्या तक्त्यांत तारकेला एक ओळ द्यावी, आणि प्रकाशकांनीं व नियतकालिकांच्या संपादकांनीं वर सांगितलेल्या नियमांसारखा एखादा संकेत ठरवून तो पाळावा. तो आमचाच असला पाहिजे असा हट्ट नाहीं. एक असावा आणि अर्थाला धरून असावा, इतकेंच. कँडीसाहेबांच्या काळीं कोठें थांबावें हें मराठी वाचकास शिकावें लागलें. आज ‘अमुक लाखांत’ ह्या शब्दांवर थांबून खालची ओळ वाचण्याचा त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क बजावण्यास ती चांदणी त्या शब्दाशींच असावी लागते.